बटण हाताशी, ड्रायव्हर कर्नलमध्ये

माइक आणि वाद्यं संगणकाला जोडणारं उपकरण म्हणजे ऑडिओ इंटरफेस. त्याच्या खोक्यावर विंडोजचं आणि मॅकचं नाव असतं, अलीकडे आयपॅडचंही असतं. लिनक्सचं नाव शोधत बसू नका. विक्रेत्याला विचारलंत तर तो एकदा खोक्याकडे बघेल, एकदा तुमच्याकडे, आणि ‘नाही चालणार’ म्हणून मोकळा होईल. प्रत्यक्षात आज बाजारात असलेले दोन चॅनलचे बहुतेक इंटरफेस लिनक्सला लावल्याबरोबर ओळखले जातात. काही डाऊनलोड करायचं नाही, कसली सीडी नाही. म्हणजे इंटरफेस चालेल का, ही फारशी काळजी करण्याची गोष्ट नाही. त्यातलं किती चालेल, ही आहे. पैसे वाया जातात ते इथे, आणि कोणत्याही खोक्यावर याचं उत्तर छापलेलं नसतं.

मुळात हे चालतं ते ‘यूएसबी ऑडिओ क्लास’ या मानकामुळे. त्याची पहिली आवृत्ती १९९८ ची, दुसरी २००६ ची. या मानकाप्रमाणे वागणारं उपकरण जोडल्याक्षणी संगणकाला स्वतःची माहिती देतं: माझे इनपुट इतके, आउटपुट इतके, मी अमुक सॅम्पल रेटला (सेकंदाला आवाजाची किती मोजमापं) चालतो, अमुक बिटमध्ये बोलतो. ही माहिती वाचू शकणारा एकच सामायिक ड्रायव्हर असला की कंपनीच्या ड्रायव्हरची गरज उरत नाही. लिनक्समध्ये तो कर्नलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच असतो, नाव ‘एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’. दुसऱ्या आवृत्तीचा आधार लिनक्समध्ये २०१० च्या सुमारास आला. विंडोजला त्यासाठी २०१७ उजाडावं लागलं, तोवर तिथे प्रत्येक कंपनीचा वेगळा ड्रायव्हर घालणं भाग होतं. ‘ड्रायव्हर डाऊनलोड करा’ हे वाक्य अजून प्रत्येक खोक्यात सापडतं, त्यामागे हा इतिहास आहे.

मानक पाळणाऱ्या उपकरणाला ‘क्लास कंप्लायंट’ म्हणतात. हे शब्द माहितीपत्रकात असले तर उत्तमच. नसले तर आयपॅडचा आधार घ्यायचा. आयपॅडवर वर्षानुवर्षं कोणत्याही कंपनीला स्वतःचा ऑडिओ ड्रायव्हर घालायची सोय नव्हती, त्यामुळे तिथे चालणारा इंटरफेस मानकाप्रमाणेच बोलत असणार. दुकानात लिनक्सचं नाव काढण्यापेक्षा ‘आयपॅडला चालतो का?’ एवढं विचारावं, याचं उत्तर विक्रेत्याला ठाऊक असतं. एक मेख आहे. काही उपकरणांना दोन रूपं असतात, आणि क्लास कंप्लायंट रूप मुद्दाम निवडावं लागतं. झूमच्या यूएसी-२ ला त्यासाठी खटका आहे. आरएमईच्या बेबीफेस प्रोला वेगळा ‘सीसी मोड’ आहे. खटका चुकीच्या बाजूला राहिला तर चांगलं उपकरणही लिनक्सवर मुकं पडतं, आणि माणूस ते परत करून येतो.

खोक्यावरच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट काढता येते: आतलं मानक पहिलं आहे की दुसरं. पहिल्या आवृत्तीची उपकरणं यूएसबीच्या १२ मेगाबिटच्या ‘फुल स्पीड’वर चालतात. तिथे दर मिलिसेकंदाला माहितीचं एक पुडकं जातं आणि त्यात जास्तीत जास्त १०२३ बाइट मावतात. ४८ किलोहर्ट्झला २४ बिट स्टिरिओ म्हणजे ४८ गुणिले ३ गुणिले २, एकूण २८८ बाइट, आरामात बसतात. ९६ किलोहर्ट्झला ५७६, तेही बसतात. १९२ ला होतात ११५२, ते बसत नाहीत. म्हणून ज्यावर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ लिहिलं आहे तो इंटरफेस क्लास कंप्लायंट असेल तर दुसऱ्या आवृत्तीचाच असणार. बेहरिंगरचे यूएम२ आणि यूएमसी२२ हे स्वस्त इंटरफेस १६ बिट, ४८ किलोहर्ट्झचे. त्यांचाच भाऊ यूएमसी२०२एचडी २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा. १९२ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करायची कुणाला गरज असते, हा भाग वेगळा. घरगुती कामात ती जवळजवळ कुणालाच नसते. पण त्या आकड्यासोबत दुसरी आवृत्ती, २४ बिट आणि ४८० मेगाबिटचा रस्ता मिळतो, आणि त्याचा उपयोग रोज होतो. १६ बिटमध्ये पातळी जपून, वरच्या टोकाजवळ ठेवावी लागते. तानपुरा विरत जातो तसा त्याचा शेपटाकडचा भाग खालच्या खसखशीत बुडू लागतो. २४ बिटमध्ये शिखर उणे १२ डेसिबलला ठेवून निर्धास्त राहता येतं. तार सप्तकात एखादी तान उसळली तरी वर जागा शिल्लक असते.

आता मानकाची हद्द. मानक आवाजाच्या प्रवाहाबद्दल बोलतं, आणि फार तर साध्या व्हॉल्यूमबद्दल. पण इंटरफेसच्या पोटात अनेकदा एक छोटा मिक्सर दडलेला असतो: कोणता इनपुट कोणत्या आउटपुटला जायचा, हेडफोनमध्ये किती मिसळायचा, इनपुट माइकचा की गिटारचा, कधीकधी फँटम पॉवर (कंडेन्सर माइकला लागणारी ४८ व्होल्टची वीज) सुद्धा. हे सगळं कंपनी आपल्या खासगी भाषेत करते. ती भाषा बोलणारं ॲप फक्त विंडोज आणि मॅकसाठी असतं. लिनक्सवर अशा उपकरणाचा आवाज येतो, आत जातो, बाहेर पडतो, पण मिक्सरला हात लावता येत नाही. शेवटच्या वेळी विंडोजवर जी मांडणी ठेवली असेल तिच्यावर तो अडून बसतो.

म्हणून माझं मत ठाम आहे: लिनक्ससाठी इंटरफेस घेताना आधी पुढची पट्टी बघावी, मग माहितीपत्रक. गेनचा नॉब आहे का? ४८ व्होल्टचं बटण आहे का? लाइन आणि इन्स्ट्रुमेंट निवडायला खटका आहे का? डायरेक्ट मॉनिटरिंगचं (इनपुटचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये देणारं) बटण किंवा मिक्सचा नॉब आहे का? चारही पट्टीवर असतील तर कंपनी लिनक्सचं नावसुद्धा घेत नसली तरी बिघडत नाही. बेहरिंगरची यूएमसी-एचडी मालिका अशीच आहे. मोटूच्या एम२ वर प्रत्येक चॅनलला वेगळं ४८ व्होल्टचं आणि वेगळं मॉनिटरचं बटण आहे. जिथे पट्टी गुळगुळीत, देखणी आणि जवळजवळ रिकामी, तिथे सावध राहावं. उरलेली बटणं ॲपमध्ये गेलेली असतात.

फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेत दोन्ही बाजू एकत्र बघायला मिळतात. तिसऱ्या पिढीच्या २आय२ मध्ये इन्स्ट्रुमेंट, एअर (आवाज उजळ करणारं) आणि ४८ व्होल्ट ही बटणं पट्टीवर आहेत. त्याच पिढीच्या ४आय४ मध्ये पट्टीवर इन्स्ट्रुमेंट, पॅड (जोरदार इनपुट कमी करणारा) आणि एअरचे नुसते दिवे आहेत, ते लावायची-विझवायची सोय सॉफ्टवेअरमध्ये. महाग मॉडेल घेतलं आणि गिटार लावताना साधा खटका सापडेना, असं लिनक्सवाल्यांचं होत असे. मग जेफ्री बेनेट या प्रोग्रामरने या उपकरणांची खासगी भाषा उलगडून कर्नलसाठी ड्रायव्हर लिहिला. दुसऱ्या पिढीचा आधार कर्नल ५.४ मध्ये आला, तिसऱ्याचा ५.१४ मध्ये, चौथ्याचा ६.८ मध्ये. त्यावर बसणारं ‘अल्सा-स्कार्लेट-जीयूआय’ हे खिडकीवालं साधनही त्याचंच. मात्र ६.७ च्या आधीच्या कर्नलमध्ये हा आधार असूनही झोपलेला असतो. त्याला उठवायला मॉडप्रोबच्या मांडणीत (ड्रायव्हरचे पर्याय लिहायच्या फाईलमध्ये) ‘एसएनडी-यूएसबी-ऑडिओ’च्या पुढे उपकरणाचे क्रमांक आणि ‘डिव्हाइस_सेटअप=१’ ही ओळ घालावी लागते. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे, म्हणजे तिथे ही ओळ हवीच आणि चौथ्या पिढीचे कंट्रोल दिसणारच नाहीत. उबुंटू २४.०४ मध्ये ६.८ आहे, डेबियन १३ मध्ये ६.१२, तिथे काही करावं लागत नाही. इंटरफेस निवडण्याआधी आपल्या कर्नलचा क्रमांक बघावा तो एवढ्यासाठी.

तिसऱ्या पिढीची कोरी स्कार्लेट पहिल्यांदा जोडली की ती छोट्या डिस्कसारखीही दिसते आणि त्यात नोंदणीची एक फाईल असते. हा ‘एमएसडी मोड’. तो चालू असेपर्यंत उपकरण पूर्ण ताकदीने काम करत नाही. ४८ व्होल्टचं बटण दाबून धरून उपकरण सुरू केलं, किंवा ‘अल्सा-स्कार्लेट-जीयूआय’मधून तो मोड बंद करून उपकरण पुन्हा चालू केलं, की सुटका होते.

इंटरफेस हातात आला आणि परत करायची मुदत संपायची आहे, तेव्हाची तपासणी अशी. आधी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा चालवून यूएसबीचा क्रमांक बघायचा. दोन जोड्यांचा असतो, उदाहरणार्थ तिसऱ्या पिढीच्या २आय२ चा १२३५:८२१०. नावापेक्षा हा क्रमांक घेऊन शोधाशोध करावी, कारण एकाच नावाखाली कंपन्या आतली पाटी बदलतात. त्याच आज्ञेला ‘-टी’ जोडलं की झाड दिसतं: उपकरण कोणत्या हबवर आहे, १२ मेगाबिटवर की ४८० वर. दुसऱ्या आवृत्तीचा इंटरफेस १२ वर दिसला तर केबल नाहीतर हब वाईट आहे. दिसलाच नाही तर केबल फक्त चार्जिंगची निघण्याची शक्यता मोठी. घरात सी टाइपच्या डझनभर केबल लोळत असतात, त्यातल्या कितीतरी माहिती वाहतच नाहीत.

मग प्रॉक फोल्डरमधल्या ‘एसाउंड’मध्ये जाऊन त्या कार्डाची ‘स्ट्रीम०’ ही फाईल वाचायची. उपकरणाने स्वतःबद्दल जे सांगितलं ते तिथे जसंच्या तसं असतं. फॉरमॅटपुढे ‘एस३२_एलई’ असेल तर दचकू नका. २४ बिटचा आवाज ३२ बिटच्या खणात ठेवलेला असतो. चॅनलची संख्या खोक्यावरच्या संख्येशी ताडून बघायची. रेटच्या ओळीत ४४१०० आणि ४८००० तरी हवेतच. सगळ्यात कामाचा शब्द एंडपॉइंटच्या ओळीत कंसात असतो: ‘असिंक’ असेल तर इंटरफेस स्वतःच्या घड्याळावर चालतो आणि संगणकाला त्याच्या चालीने यावं लागतं, ‘अडॅप्टिव्ह’ असेल तर उलट. रेकॉर्डिंगसाठी असिंक बरा. आवाज चालू असताना तीच फाईल पुन्हा उघडली की ‘मोमेंटरी फ्रीक्वेन्सी’ दिसते. ४८००० च्या आसपास एखाद्या हर्ट्झचा फरक ठीक. आकडा वर-खाली भरकटत असेल तर घड्याळाचा ताळमेळ बसलेला नाही. अशा वेळी दर काही सेकंदांनी टक्क असा आवाज येतो. काही इंटरफेस आउटपुटची चाल इनपुटच्या पुडक्यांवरून ठरवतात, आणि हे कर्नलला माहीत नसेल तर घोटाळा होतो. कर्नलमध्ये अशा उपकरणांची यादी आहे आणि ती वाढतच असते. आपलं उपकरण यादीत नसेल तर ड्रायव्हरला ‘इम्प्लिसिट_एफबी=१’ हा पर्याय देऊन बघता येतं.

रेकॉर्डिंगची पहिली चाचणी मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये करू नये. ‘एरेकॉर्ड’ या आज्ञेने थेट उपकरणातून दहा सेकंद घ्यावेत. ‘चॅनल काउंट नॉन अव्हेलेबल’ असा निरोप आला तर उपकरण बिघडलेलं नसतं. ते आपले सगळे चॅनल एकदमच देतं, आणि आपण दोनच मागितलेले असतात. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणजे पाइपवायरने, लिनक्समध्ये सगळ्या प्रोग्रामांचा आवाज सांभाळणाऱ्या सेवेने, ते धरून ठेवलंय. कर्नलच्या नोंदीत ‘नॉट इनफ बँडविड्थ’ दिसलं तर त्याच यूएसबी मार्गावर वेबकॅमसारखं आणखी कुणीतरी आहे. पहिल्या आवृत्तीच्या इंटरफेसना हबमध्ये हा त्रास जास्त होतो, कारण हबच्या आत फुल स्पीडचं भाषांतर करणारा भाग अनेकदा एकच असतो आणि सगळी जुनी उपकरणं त्याच्याच दारात उभी राहतात. असा इंटरफेस सरळ लॅपटॉपच्या पोर्टला लावावा.

फेडोरा ३४ पासून, म्हणजे २०२१ पासून, आणि उबुंटूत २२.१० पासून आवाजाचा कारभार पाइपवायरकडे आहे. त्याने आधीच्या पल्सऑडिओ आणि जॅक या दोन वेगळ्या दुनिया एकत्र आणल्या हे फार चांगलं झालं, पण एक खोड माहीत हवी. चार आउटपुटचा इंटरफेस जोडला की तो ‘सराउंड ४.०’ समजला जाऊ शकतो. मग तिसरा-चौथा आउटपुट मागचे स्पीकर ठरतात आणि तिथे लावलेल्या यंत्रात काहीच ऐकू येत नाही. ‘पाव्यूकंट्रोल’ उघडून कॉन्फिगरेशनमध्ये ‘प्रो ऑडिओ’ प्रोफाइल निवडलं की सगळे चॅनल ऑक्स०, ऑक्स१ अशा कोरड्या नावांनी, कसलीही मिसळ न होता समोर येतात. मग ‘क्यूपीडब्ल्यूग्राफ’मध्ये तारा जोडाव्यात तशा जोडायच्या.

लेटन्सीबद्दल, म्हणजे आवाज संगणकातून फिरून यायला होणाऱ्या उशिराबद्दल, फार बोललं जातं आणि बरंचसं अनाठायी. पाइपवायर आवाज तुकड्यातुकड्याने हाताळतो. त्याचा नेहमीचा तुकडा १०२४ सॅम्पलचा, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१ मिलिसेकंद. तो १२८ वर आणला की २.६७ मिलिसेकंद होतात. जॅक थेट वापरत असाल तर यूएसबीला दोनऐवजी तीन तुकडे द्यावेत, म्हणजे ८ मिलिसेकंदांचा बफर. गायकाला किंवा तबलजीला स्वतःचा आवाज ऐकायचा असेल तर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण दाबावं. आवाज संगणकात न जाताच कानात येतो आणि लेटन्सीचा प्रश्नच मिटतो. मग १०२४ वर निवांत रेकॉर्ड करा. छोटा तुकडा लागतो तो गिटारला सॉफ्टवेअरमधला अँप लावताना किंवा कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजवताना. खरी लेटन्सी मोजायची तर आउटपुटमधून इनपुटमध्ये केबल टाकून ‘जॅक_आयओडिले’ चालवावं. सॉफ्टवेअर नुसतं गणित करून सांगतं त्यापेक्षा आकडा मोठाच निघतो. आर्डर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी मोजणी करायची सोय आहे, आणि ती केली की नव्या ट्रॅकवरचा ठेका जुन्या ट्रॅकवर बरोबर बसतो.

तडतड होत असेल तर ‘पीडब्ल्यू-टॉप’मध्ये ‘ईआरआर’चा स्तंभ बघावा. आकडा वाढत असेल तर संगणक वेळेत पुडकं देत नाही. त्यावर क्रमाने करायचं: प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी मांडणी) ‘परफॉर्मन्स’वर ठेवणं, टीएलपीसारखं वीजबचतीचं साधन यूएसबी झोपवत असेल तर इंटरफेसला त्यातून वगळणं, आणि ऑडिओ गटाला ‘आरटीप्रायो ९५’ (कामात वरचा अग्रक्रम) आणि अमर्याद ‘मेमलॉक’ (मेमरी राखून ठेवायची मुभा) देणं. खास रिअल-टाइम कर्नल शोधायची गरज आता फारशी उरलेली नाही. त्यातलं काम ६.१२ पासून मुख्य कर्नलमध्येच आलं आहे. आकडा स्थिर असूनही तडतड होत असेल तर संगणकाला दोष देऊ नका, केबल बदला.

घूं अशी गुणगुण मात्र वेगळी. ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची असते, आणि विजेच्या वाटेने येते. लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघावा. गुणगुण गेली तर दोष अडॅप्टरचा किंवा भिंतीतल्या अर्थिंगचा. दोन पिनांचे अडॅप्टर आणि नावापुरती तिसरी पिन असलेले जुने बोर्ड आपल्याकडे भरपूर. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डाला लावले की बहुतेकदा प्रश्न मिटतो. यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात. दोन्ही चॅनलना फँटम दिल्यावर इंटरफेस मध्येच बंद पडत असेल तर यूएसबी ३ चा पोर्ट वापरून बघावा, तिथे ९०० मिळतात.

बैठकीचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांसाठी एक सापळा. तबल्याला दोन माइक, पेटीला एक, गायकाला एक असे चार माइक लागतात. ४आय४ हे नाव ऐकून वाटतं की झालं काम. पण त्यातल्या फक्त दोन इनपुटना माइक प्रीअँप (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) आहे, उरलेले दोन लाइनचे. मोटू एम४ चंही तसंच. चार खरे प्रीअँप, सगळे नॉब पट्टीवर आणि लिनक्सला कसली अडचण नाही, असा माफक किमतीतला इंटरफेस म्हणजे बेहरिंगरचा यूएमसी४०४एचडी. त्याच्या प्रीअँपपेक्षा चांगले प्रीअँप जगात आहेत, पण बैठकीच्या खोलीतला पंखा बंद केल्याने त्याहून जास्त फरक पडतो. शूअर एसएम७बीसारखा मंद डायनॅमिक माइक असेल तर गेनचा आकडा बघावा: तिसऱ्या पिढीच्या स्कार्लेटमध्ये ५६ डेसिबल, चौथ्या पिढीच्या २आय२ मध्ये ६९. बोलण्यासाठी अशा माइकला ६० तरी लागतात.

जुन्या बाजारात लिनक्सवाल्यांना एक फायदा असतो. कंपनीने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढणं थांबवलं की इंटरफेस कवडीमोल होतो, पण मानक पाळणारं यंत्र लिनक्सवर तसंच चालत राहतं. एडिरोलचा यूए-२५ असाच, फक्त त्याचा ‘ॲडव्हान्स’ खटका बंद ठेवायचा. घेऊ नयेत अशी यादी छोटी आहे: युनिव्हर्सल ऑडिओची अपोलो मालिका (त्यांची व्होल्ट मालिका मात्र क्लास कंप्लायंट आहे), फायरवायरवाले सगळे, कारण त्यांना लावायला पोर्टच उरलेला नाही, आणि टॅस्कॅमच्या पहिल्या यूएस-१२२ सारखे, ज्यांना दर वेळी जोडल्यावर फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) भरावं लागतं. विकणाऱ्याकडे विंडोजचा संगणक असेल तर पैसे देण्याआधी त्याच्याकडूनच फर्मवेअर अद्ययावत करून घ्यावं आणि आतला मिक्सर मूळ मांडणीवर आणून घ्यावा. लिनक्सवरून ही दोन कामं स्कार्लेटसारख्या मोजक्याच उपकरणांवर होतात. बाकीचे आयुष्यभर त्याच मांडणीवर राहतील, आणि विकणाऱ्याने हेडफोनमध्ये डावा चॅनल बंद करून ठेवला असेल तर तो बंदच राहील.